काचपेटीतलं दुकान

“मग हाही देऊन टाकू का?” मास्तरांनी विचारलं.

माई ओट्याशी भांडी पुसत होत्या. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मास्तर पाठ करून उभे होते, कारण अवघड काही विचारायचं असलं की ते पाठ करूनच विचारत. आणि सकाळी दहाच्या आत विचारत.

दहापर्यंत माई बोलत नसत. बावीस वर्षांचा नेम होता तो. मास्तर कुणाच्या तरी गच्चीवर अँटेना बसवताना घसरले आणि नऊ दिवस त्यांनी डोळे उघडले नाहीत. दवाखान्याच्या बाकावर बसून माईंनी देवाला शब्द दिला, हे उठले तर रोज जाग आल्यापासून दहापर्यंत मी तोंडातून अक्षर काढणार नाही. दहाव्या दिवशी मास्तरांनी डोळे उघडले, तेव्हा दहाच वाजले होते. त्या दिवसापासून नेम सुरू झाला तो आजारपणातही मोडला नाही. नुसतं बोलायचं नाही एवढंच नव्हे, खूण करायची नाही, चिठ्ठी लिहायची नाही. जीभ गप्प ठेवून हातांनी बडबड करायची म्हणजे देवाला फसवणं झालं, असं माईंचं म्हणणं.

मास्तरांनी या नेमाचा आपल्यापुरता उपयोग शोधून काढला होता. ज्याला नकार मिळेल अशी भीती असे, ते सारं ते सकाळीच विचारून घेत. भाच्याला जामीन राहू का? मांजराचं पिल्लू आणू का? दुकान विकत घ्यायचं राहू दे, भाड्यानेच चालवू का? थोडा वेळ थांबत, मग “मौन म्हणजे होकार” म्हणून चपला घालून मोकळे होत. दहानंतर माई रागावत नसत. “विचारलंत ना, झालं तर,” एवढंच म्हणत. शेजारीण म्हणायची, माई, तुमचं बरं आहे, आमच्याकडे दिवसभर तोंडाचा पट्टा चालतो आणि होकार काही मिळत नाही.

आज मास्तर विचारत होते ते स्कोपबद्दल.

आयुष्यभर मास्तरांनी रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्त केले. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढंच. पुढे लोक बिघडलेलं यंत्र आणेनासे झाले. बिघडलं की टाकायचं, नवं घ्यायचं. चार वर्षांपूर्वी मास्तरांनी दुकान सोडलं आणि सगळा पसारा घरच्या पुढच्या खोलीत आणून रचला. अकरा टेपरेकॉर्डर, सात रेडिओ, पोट उघडलेले टीव्ही, ॲम्प्लिफायर, वायरींची भेंडोळी. पाहुणे आले की त्यांना आतल्या खोलीत पलंगावर बसवावं लागे.

मग नव्या बाजारपेठेच्या तळमजल्यावर एक काउंटर उघडलं. जुनी यंत्रं तिथे द्यायची आणि बदल्यात कूपन घ्यायचं. रोख मिळत नसे. कूपन चालायचं ते वरच्या मजल्यावर, खेळण्यांच्या आणि छंदाच्या दुकानात. मास्तर पहिल्यांदा ॲम्प्लिफायर देऊन आले ते चिडूनच. या वयात खेळण्यांचं कूपन घेऊन काय करू, म्हणाले. पण वाया का घालवा म्हणून दुसऱ्या दिवशी वर गेले आणि संध्याकाळी खिशातून काडेपेटीएवढा डबा काढला. आत नखाएवढा रेडिओ होता. बटणं होती, काट्याची पट्टी होती, मागे जाळीसुद्धा होती.

“बघ,” ते म्हणाले होते, “स्पीकरची जाळी अगदी बरोबर विणलीय.”

तिथे जगातल्या तऱ्हेतऱ्हेच्या दुकानांचे इवले संच मिळत. पाववाल्याचं दुकान, शिंप्याचं, घड्याळजीचं. त्यातच एक दुरुस्तीचं दुकान होतं. संच एकदम मिळत नसे, एकेक वस्तू महिन्या-दोन महिन्यांनी येई आणि हौशी मंडळी तिच्या मागे लागत. मास्तरही लागले. पुढच्या खोलीतून टेपरेकॉर्डर गेला आणि बोटाच्या पेराएवढा टेपरेकॉर्डर आला. टीव्ही गेला, टीव्ही आला. खरी खोली रिकामी होत गेली आणि बंद पडलेल्या शिलाई मशीनवर ठेवलेल्या काचपेटीत दुकान भरत गेलं. स्टूल, टेबल, भिंतीवरचं घड्याळ, कथील वितळवायची कांडी, तिचं टेकण. मास्तर रोज सकाळी चिमट्याने एखादी वस्तू तांदळाच्या दाण्याएवढी सरकवून ठेवत आणि मागे सरून बघत.

लोक हसत. म्हातारपणी भातुकली मांडलीय, म्हणत. माईंना त्याचं काही वाटत नसे. दारू नाही, पत्ते नाहीत. खेळू देत, असं त्या म्हणत. फक्त कधी कधी केर काढताना पुढच्या खोलीत कुंचा सरळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाई, मध्ये काही आडवं येत नसे, तेव्हा त्या मधेच थांबून रिकाम्या भिंतींकडे बघत.

आता तिथे एकच यंत्र उरलं होतं, स्कोप. लहान पेटीएवढं, वर उचलायला कडी, पुढे गोल हिरवा पडदा. यंत्रातून वाहणारी वीज त्या पडद्यावर लाट होऊन दिसे आणि लाट बघून मास्तर दुखणं सांगत. बाकीचे दुरुस्तीवाले अंदाजाने भाग बदलत बसत. मास्तरांकडे बघायला डोळा होता. लग्नानंतर तीन वर्षांनी त्यांनी तो घेतला तेव्हा दोघांनी एक वर्ष नवा कपडा घेतला नव्हता.

आणि नेमका काल संध्याकाळी, मास्तर हौशी मंडळींच्या बैठकीला गेले असताना, बारक्या आला होता.

बारक्या म्हणजे मास्तरांच्या हाताखाली शिकलेला. नाव राहिलं ते राहिलंच. आता पोट सुटलं होतं, चष्मा लागला होता आणि तो तंत्रशाळेचा मुख्याध्यापक होता. शाळेत जुन्या पद्धतीची दुरुस्ती पुन्हा शिकवायची ठरलं होतं, आठवड्यातून तीन दिवस. समितीपुढे त्याने मास्तरांचं नाव काढलं, तर त्यांचं म्हणणं पडलं की माणूस घ्या, पण यंत्रांवर खर्च नको. तेव्हा बारक्याने सांगून टाकलं होतं, मास्तरांचा स्वतःचा स्कोप आहे, तो घेऊन येतील. या अटीवर मंजुरी मिळाली. उद्या दुपारी बाराला येतो, तेव्हा मास्तरांचं हो-नाही सांगा, म्हणाला.

माईंनी त्याला दारापर्यंत पोचवलं आणि नंतर किती तरी वेळ त्या नुसत्या हसत बसल्या. त्यांची एक सवय होती. दहा वाजता मौन सुटलं की पहिलं वाक्य चांगलं बोलायचं. कधी पीठ छान मळलं गेलंय म्हणायच्या, कधी ऊन स्वच्छ पडलंय म्हणायच्या. एवढी मोठी गोष्ट तर उद्याच्या पहिल्या वाक्यासाठीच ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. मास्तर परतले ते डोकं दुखतंय म्हणत आडवे झाले. माईंच्या ओठांवर दोनदा आलं, पण त्यांनी परतवलं. एका रात्रीने काय होतं?

“संचातला शेवटचा नग आलाय,” मास्तर पाठ करूनच सांगत होते. “स्कोपच आहे. बैठकीत दाखवला काल त्यांनी. एकच आहे, आज नाही घेतला तर ती सुताराची बायको नेणार. आता याला तरी कोण विचारतंय सांग. वर्षभर सुरूसुद्धा केला नाही मी.”

माईंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

एक शब्द पुरे होता. “नको” म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे दवाखान्यातली खाट आली आणि खाटेवरचा तो मिटल्या डोळ्यांचा चेहरा. बावीस वर्षं एकेका सकाळीने तो चेहरा जागा ठेवलाय, असं त्यांनी मनोमन धरलेलं होतं. ही एक सकाळ काढून घेतली तर? यंत्र राहील आणि माणूस?

मास्तर ठरल्याप्रमाणे थोडं थांबले. मग त्यांनी स्कोपची कडी धरली.

माई पुढे झाल्या. ही खूण होते का, हा विचार मनात यायच्या आतच त्यांनी कडीच्या दुसऱ्या बाजूला हात घातला आणि घट्ट धरून ठेवला. मास्तरांनी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

“राहू दे गं,” ते म्हणाले. “तेवढं जड नाही. मी नेतो.”

त्यांनी माईंची बोटं एकेक करून सोडवली, हलक्या हाताने, आणि गेले.

माई देवापुढे बसल्या. जप करायला घेतला तर मणी पुढे सरकेनात. देवाने काही मागितलं नव्हतं, आपणच दिलं होतं, असं एकदा मनात आलं आणि त्या घाबरून उठून उभ्या राहिल्या. पावणेनऊ. सव्वानऊ. खिडकीत जाऊन आल्या. पावणेदहाला चपला घालून दाराशी उभ्या राहिल्या, घड्याळाकडे तोंड करून. दहाचा ठोका पडला तसं दार ओढून घेतलं.

नवी बाजारपेठ पायी वीस मिनिटांवर. काउंटरवर निळा डगला घातलेली एक बाई होती.

“सकाळी एक स्कोप आला असेल,” माई म्हणाल्या. आजचं पहिलं वाक्य. “तो परत हवाय. मास्तरांची चूक झाली.”

बाई वाईट नव्हती. तिने माईंना आत घेतलं, बसायला खुर्ची दिली. फोन, टीव्ही असं यादीतलं असतं तर संध्याकाळपर्यंत ठेवलं असतं, म्हणाली. यादीत नसलेलं आल्याबरोबर सुटं करावं लागतं, तसा नियमच आहे. मागच्या टेबलावर पत्र्याचं कवच एकीकडे पडलं होतं. पट्ट्या उपसून टोपलीत टाकल्या होत्या. पडद्याची काचेची नळी फोडून फडक्यात गुंडाळली होती, कुणाला लागू नये म्हणून.

“चांगला ठेवला होता हो,” बाई म्हणाली. “आत धूळ नाही इतकीशी. असं कुणी ठेवत नाही.”

माईंनी मान हलवली. बाहेर येऊन त्यांनी वर पाहिलं. वरच्या मजल्यावर कठड्यापलीकडे, काचेच्या कपाटाशी मास्तर वाकून उभे होते. दुकानदार काहीतरी बोलला तसे ते हसले, खांदे हलवून, दुकान चालायचं तेव्हा हसत तसे. जिना समोरच होता. माईंनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं, क्षणभर उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या.

त्या लांबच्या रस्त्याने हळूहळू घरी आल्या, तोवर मास्तर त्यांच्या आधीच पोचले होते आणि चिमटा घेऊन काचपेटीशी बसले होते. कुठे गेली होतीस, त्यांनी विचारलं. बाजारात, माई म्हणाल्या. बाराच्या आधीच त्या खाली जाऊन घराच्या जिन्याशी उभ्या राहिल्या.

बारक्या आला तो घामाघूम. माईंनी त्याला सगळं सांगितलं. स्वतःचं मौनही सांगितलं, काही वगळलं नाही. त्याने चष्मा काढून पुसला. दुसरा स्कोप कुठून आणता येईल का, त्यांनी विचारलं. समिती एक खिळा द्यायला तयार नाही, माई, तो म्हणाला. आणि अटच ती होती.

“मग त्यांना सांगू नकोस,” माई म्हणाल्या.

“आणि का आलास विचारलं तर?”

“भेटायला आलास म्हण. कितीतरी दिवसांत आला नव्हतास, ते काही खोटं नाही.”

बारक्या वर आला. मास्तरांनी त्याला बघितलं आणि चिमटा हातात तसाच धरून ते उठले, इतका त्यांना आनंद झाला. पुढच्या खोलीत बसायला काही उरलं नव्हतं, म्हणून माईंनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून दिलं. मास्तरांनी काचपेटीचं झाकण काढलं. बारक्याने चष्मा कपाळावर सरकवून आत पाहिलं. टेबलावर मधोमध स्कोप होता, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. गोल पडद्यावर हिरव्या रंगाने चौकोनी लाट काढलेली होती.

“काय चुकलंय सांग,” मास्तर म्हणाले.

बारक्या आणखी खाली वाकला.

“लाट बघ, लाट. कोपरे गोल आलेत की नाही? का येतात असे?”

“यंत्रात दोष असतो, मास्तर.”

“तिथेच चुकतोस. तेव्हाही चुकायचास.” मास्तरांनी काडेपेटीतली एक काडी घेतली आणि तिचं टोक स्कोपला जोडलेल्या तपासणीच्या इवल्या तारेवर, प्रोबवर, टेकवलं. “आधी आपल्या हातातला प्रोब तपासायचा. प्रोबमध्ये एक बारीक स्क्रू असतो. तो फिरव. कोपरे कोरल्यासारखे झाले पाहिजेत. तोपर्यंत समोरच्या यंत्राला नावं ठेवायची नाहीत.”

ते बोलत राहिले. लाट उतरती असेल तर काय, थरथरती असेल तर काय, सरळ रेघ आली तर घाबरायचं का नाही. बारक्या गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता आणि मध्येच विचारलं की “हो मास्तर” म्हणत होता. माईंनी आणलेला चहा दोघांच्या मधे गार होत होता.

“हे कोण शिकवतं आता तुमच्याकडे?” मास्तरांनी विचारलं.

“कोणी नाही.”

“असं कसं? कुणीतरी पाहिजे रे,” मास्तर म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या टोकाने तो रंगवलेला हिरवा पडदा पुसला आणि बारक्याला नीट दिसावा म्हणून चिमट्याने तो स्कोप खिडकीकडे जरा वळवून ठेवला.