माझ्यात नसलेला शेवट

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. खरं तर तिची एक प्रत. छापखान्यातल्या बाईंनी माझी शिवण अशी घट्ट ओढली होती, की अजून एकही पान सुटलेलं नाही. याचा मला थोडा तोरा आहे, तेवढा चालवून घ्या.

माझ्यात एका नावाड्याची गोष्ट आहे. त्याची मुलगी भांडून घर सोडते. तो रोज धक्क्यावर तिची वाट पाहतो. ती परतते तेव्हा झोपडीला कुलूप असतं. म्हातारा गेलेला असतो. या शेवटासाठीच जाणकार मला थोर म्हणतात.

मी ज्या घरात आले तिथे एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण होती. त्यांची आई नुकतीच वारली होती. त्यातच बहिणीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्टी बांधून ती पडून असे आणि शाळा सुटली की भाऊ तिला मला वाचून दाखवी. शेवटच्या प्रकरणात कुलूप दिसलं आणि त्याचा आवाज अडखळला.

"पुढे काय, दादा? बाबा भेटले ना तिला?" तिने त्याचं मनगट धरलं.

भावाने माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर नजर लावली आणि वाचल्यासारखं बोलू लागला, "भेटले तर! दाराला कुलूप नव्हतंच. आतून आवाज आला, 'आलीस? हात धू, जेवायला बस.'"

"रागावले नाहीत?"

"छे गं, चिंगे! आपल्या माणसावर कुणी इतके दिवस रागावतं का?"

आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. माझ्यात नसलेलं ते वाक्य मला माझ्या सगळ्या वाक्यांहून आवडलं.

मोठी झाल्यावर तिने मला स्वतः वाचलं. शेवटाशी दाराचं कुलूप वाचून थबकली. पलीकडे भाऊ मान मोडून अभ्यास करत होता. त्याच्याकडे ती कितीतरी वेळ पाहत राहिली. विचारलं मात्र काही नाही.

पुढे भाऊ वर्तमानपत्रात सिनेमांची परीक्षणं लिहू लागला. भलेभले त्याच्या लेखणीला वचकून असत. बहीण दिग्दर्शिका झाली आणि उमेदीची वर्षं घालून तिने माझ्यावर सिनेमा काढला.

पहिल्या खेळाला ती भावाशेजारी बसली. ताडून पाहायला त्याने मलाही आणलं होतं. पडद्यावर मुलगी झोपडीपाशी आली. दाराला कुलूप नव्हतं. आतून आवाज आला, "आलीस? हात धू, जेवायला बस."

बहीण पडद्याकडे पाहतच नव्हती. ती भावाच्या चेहऱ्याकडे पाहत होती. भावाने कपाळाला आठी घातली आणि अंधारातच काहीतरी टिपून घेतलं. त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मी कशी आठवण करून देणार? कुणी मोठ्याने वाचलं तरच मला आवाज, आणि ते वाक्य तर माझ्यात नव्हतंच.

सगळ्याच परीक्षणांनी सिनेमाला झोडपलं. 'एवढ्या थोर शोकांतिकेचं जेवणाचं ताट केलं,' असं एकाने लिहिलं. भावाचं परीक्षण सर्वांत गाजलं. 'दिग्दर्शिकेला ही कादंबरी कळलेलीच नाही. हा शेवट म्हणजे लेखकाचा अपमान आहे.' 'हात धू, जेवायला बस' म्हटलं की लोक थिएटरात हसू लागले. मग लोकही येईनासे झाले.

एके दिवशी बहीण भावाच्या घरी आली.

"चिडलीस ना? पण घरचं माणूस म्हणून सूट दिली असती, तर लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं."

"नाही रे दादा. तुला वाटलं ते लिहिलंस."

"पण असला शेवट तुला सुचला कुठून?"

तिने टेबलावर ठेवलेल्या माझ्याकडे पाहिलं. आता सांगेल, असं मला वाटलं.

"लहानपणी ऐकला होता."

"कुणी सांगितला एवढा बाळबोध शेवट?" भाऊ हसत म्हणाला.

"होता एक जण," ती म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

त्यानंतर तिने सिनेमा केला नाही. या घरात पाऊलही टाकलं नाही. सुरुवातीला भाऊ फोन करी. मग तोही हट्टाला पेटला. माझं काळीज तुटतं, मित्रांनो, पण मी पडले पुस्तक.

आता मी काचेच्या कपाटात असते. भाऊ मऊ फडक्याने माझी धूळ पुसतो, कव्हर बदलतो. पाहुण्यांना सांगतो, "हिच्या एका शब्दालाही मी धक्का लागू दिला नाही."

जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात, आम्हाला जपा म्हणून. मी नाही विनवणार. मला वाळवी लागली, तर दुकानात माझ्यासारखी दुसरी मिळेल. तुमच्यापैकी कुणी या घरी आलंच, तर माझं कौतुक करू नका. त्याच्या हातातलं फडकं काढून घ्या आणि म्हणा, हिला राहू दे, बहिणीकडे जा.