गोदूवहिनीची सीट

या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. ठेवला तर तो माणूस उल्हासनगरचा नव्हे. पण शुक्रवार आहे, सकाळपासून लाइट नाही, वेल्डिंग होणार नाही, आणि साक्षीला हिरामण इथंच बाकड्यावर बसलाय. खोटं असेल तर तो बोलेलच.

महेंद्र हसला. शेजारच्या बॅटरीच्या दुकानात तो नवीनच लागलाय. म्हणाला, "शिवरामकाका, हिरामणभाऊंना बोलताना मी अजून ऐकलंच नाही."

"म्हणून तर साक्षीदार ठेवलाय त्याला," मी म्हटलं.

तर हिरामणचा ट्रक. याला मिसरूड फुटल्यापासून हा ट्रकवर. ट्रक फार जुना झाला, भंगारात निघाला, त्या दिवशी हा जेवला नाही. मी म्हटलं, बॉडी जाऊ दे, इंजिन काढून घे. चेनकुप्पीला टांगून ते धूड माझ्या गॅरेजात उतरवलं, तेव्हा फरशी इतकी दबली की खालून पाणी लागलं. आमच्या कॅम्प चारची आख्खी गल्ली आठवडाभर त्या पाण्यावर आंघोळी करत होती.

"फेका, फेका," महेंद्र म्हणाला.

इंजिन आलं, पण ठेवायचं कशात? गॅरेजच्या मागं एक लाल स्पोर्ट कार धूळ खात पडली होती. दोन दारं, दोन सीटा, उंचीला बकरीएवढी. एका फर्निचरवाल्या शेठनं हौसेनं घेतली, इंजिन जाम झालं, पार्ट कुठंच मिळेना. "ले जाओ साईं, बला टले," म्हणाला.

हे इंजिन त्या गाडीत घालायची कल्पना गोदूवहिनीची. हिरामणची बायको. कॅम्प तीनमधल्या कारखान्यांच्या जीन्स घरी आणून त्यांचे धागे कापायची. माहेर बारवी धरणाजवळच्या पाड्यावर. दोन्ही किडन्या गेल्या होत्या, डॉक्टरांनी हात टेकले होते. लाल गाडीकडं बघून म्हणाली, "भाऊजी, जन्मभर ह्यांच्या शेजारी क्लीनर बसला. मला एकदा त्या जागेवर बसून माहेरी जायचंय. ह्यांच्याच इंजिनावर."

मी म्हटलं, "वहिनी, रिक्षा आहे की."

"रिक्षात मागं बसतात, भाऊजी."

लागलो कामाला. बॉनेट कापलं, वजन पेलायला पुढं टेम्पोच्या कमानी टाकल्या. इंजिन पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा पार कॅम्प तीनपर्यंत दोरीवर वाळत घातलेल्या जीन्स आपोआप चालायला लागल्या. त्यातली एक अंबरनाथला सापडली, देवळाबाहेर, रांगेत उभी.

तेव्हा वहिनी पायी यायची बघायला. आपल्या सीटसाठी तिनं जीन्सच्या तुकड्यांची उशी शिवायला घेतली. दोन टाके घालायची, दम खायची, परत दोन टाके. आम्ही म्हणायचो, वहिनी, गाडी आधी होते की उशी, बघू. म्हणायची, "मी आधी संपले नाही म्हणजे मिळवलं."

गाडी बाहेर काढली, तर पहिल्याच गिअरला तिच्या त्या नाजूक गिअरबॉक्सचे दात उडाले. ट्रकची ताकद त्याला कुठली सोसायला. मग भंगारातून ट्रकचाच गिअरबॉक्स आणून बसवला. स्टीअरिंगला जागा हवी म्हणून सगळं डावीकडं सरकवलं. शाफ्ट मोजला, क्लच मोजला, चाकांवरचा भार मोजला. शेवटचा बोल्ट आवळून हिरामण मागं सरला आणि नुसता उभा राहिला. डावी सीट बसवायला जागाच उरली नव्हती. तिथं गिअरबॉक्स होता. दोघांनी सगळं मोजलं, बसणारी बाई मोजायची राहिली.

महेंद्र हसायचा थांबला.

त्या दिवशी वहिनी रिक्षानं आली होती, धरून आणावी लागली. उशी काखेत. उशी पुरी झाली होती. तिनं आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "क्लीनर परत बसला वाटतं."

"मग?" महेंद्रनं विचारलं.

मी हिरामणकडं बघितलं. त्याच्या हातातल्या चहावर साय धरली होती, ती तो बोटानं बाजूला करत होता. मी जरा घाईनंच पुढं निघालो.

मग काय! वहिनी हार मानते होय? तिनं उशी टाकली गिअरबॉक्सवर आणि बसली ऐटीत. म्हणाली, "खालून ऊब येते, बरं वाटतं." निघालो. मी मागं डिकीत, पाय बाहेर. अंबरनाथ गेलं, बदलापूर गेलं. बारवीच्या रस्त्याला गाडी अशी सुटली की धरणातलं पाणी दचकून पलीकडच्या काठावर चढलं आणि मासे झाडांना लटकले. पाड्यावरच्या बायका धावत आल्या, तर वहिनी उतरेचना! हात खिडकीबाहेर, क्लीनर काढतात तसा, दारावर थापा मारतेय आणि ओरडतेय, "जाऊ द्या! जाऊ द्या! डावी बाजू मोकळी हाय!" हिरामण हसतोय, हसता हसता याच्या डोळ्यांत...

"शिवराम."

आवाज कुणाचा, ते मला आधी कळलंच नाही.

"थांब ना हिरामण, आता तर ती..."

"बस कर, शिवराम." त्यानं ग्लास बाकड्यावर ठेवला. चहा तसाच होता. "सीटला जागा करायची म्हणून गाडी आपण परत खोलली. ती खोललेलीच होती, तेव्हा गोदू गेली. अजून खोललेलीच आहे, मागं ताडपत्रीखाली. उशी घरी आहे माझ्या. तिच्यावर तेलाचा एक डाग नाही."