कालव्यावर धुतलेली नदी

मित्रांनो, मी एक जुने जलरंगचित्र आहे. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका नदीकाठच्या गावात माझा जन्म झाला. चित्रकाराने नदीतच कुंचला बुडवून दगडी पूल, चर्चचा मनोरा आणि धक्क्याला लागलेल्या नावा रंगवल्या. तेव्हापासून आजतागायत एकाही मालकाबद्दल मला आदर वाटलेला नाही.

पहिला मालक उमराव होता. जेवताना तो माझ्याकडे पाठ करून बसे. पुढे कुणा साहेबाच्या ट्रंकेतून मी पुण्यात आले. तिथल्या जुन्या बाजारातून माळेगावच्या रावजींनी मला उचलले. ऊसवाल्यांत हे बडे प्रस्थ! नव्या बंगल्यात सोफ्याच्या वर मला टांगून ते पाहुण्यांना सांगत, "लंडनचं हाय, अस्सल!" माझे गाव लंडन नव्हे, हे सांगायला मला तोंड नाही. पाहुणेही तसलेच दीडशहाणे. एकजण म्हणाला, "ही तर आपली नीरा नदीच दिसतीया." मला त्यांची कीव येई. खरे सांगायचे तर किळसच येई.

यंदा घट बसायच्या आधी रावजींच्या पत्नीने, सारजाबाईंनी, रिवाजाप्रमाणे सगळे घर धुवायला काढले. गोधड्या, पडदे, भांडी ट्रॉलीत भरून कालव्यावर निघाली. माझ्या आकाशावर बुरशीचे ठिपके होते, ते बाईंच्या डोळ्यांत खुपले. चौकट उघडून त्यांनी मलाही ट्रॉलीत टाकले.

मित्रांनो, पाणी म्हणजे माझे मरण. जिवाच्या आकांताने ओरडावेसे वाटले. बाईंनी मला दगडावर पसरले, धुण्याची पावडर टाकली आणि चिंधीने घासायला घेतले. चिंधी निळी झाली, मग तपकिरी.

"रंग जातुया का गं, सारजे?" शेजारच्या छबूबाईंनी विचारले.

"छ्या! रंग न्हाय, मळ हाय त्यो. किती वर्सांचा साठलाय बघ!"

माझी नदी कालव्यातून कुणाच्या तरी उसाला गेली. पूल गेला, नावा गेल्या. उरल्या पेन्सिलीच्या चार रेघा आणि मनोऱ्याचे टोक.

संध्याकाळी मला वाळवून पुन्हा भिंतीवर चढवले. आता तरी रावजी कपाळावर हात मारतील, निदान बायकोला बोलतील, असे मला वाटले. रावजी आले, सोफ्यावर टेकले, वर पाहून म्हणाले, "झ्याक! कसं सवच्छ निघालं." आणि त्यांनी टीव्ही लावला.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. जपायला आता उरले आहे काय? पण तुमच्या घरी भिंतीवर जे काही टांगले असेल, त्याच्यासमोर आज जरा उभे राहा. फडके घेऊन येऊ नका. नुसते बघा.