सहा बटणांचा रिमोट

टीपॉयवर दोन रिमोट, चार सेल, घडी घातलेलं एक माहितीपत्रक आणि मावशीचा चष्मा एवढं होतं. जुन्या रिमोटवर चव्वेचाळीस बटणं होती आणि त्यातल्या नऊ बटणांवरची अक्षरं पार पुसली गेली होती. नव्यावर सहाच बटणं: चालू-बंद, आवाज वर, आवाज खाली, चॅनेल पुढे, चॅनेल मागे आणि आवाज बंद. प्रत्येक बटण माझ्या अंगठ्यापेक्षा मोठं होतं.

मावशीने मला शनिवारी सकाळी बोलावून घेतलं ते मात्र रिमोटसाठी नाही, काकांसाठी. काकांना कंपवात आहे. त्यांची एकतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली. त्यांचा उजवा हात आता मांडीवर ठेवला तरी स्वस्थ बसत नाही. जुन्या रिमोटवर एक बटण दाबायला गेले की तीन दाबली जात आणि टीव्ही भलत्याच भाषेत बोलू लागे. म्हणून मावशीने हा शिकणारा रिमोट आणला. अशा रिमोटला स्वतःचं काहीच येत नसतं. जुना रिमोट त्याच्यासमोर धरून एकेक बटण शिकवावं लागतं, मग तो तोच इशारा टीव्हीला पाठवतो. मंगळवारी मावशीने सहाही बटणं शिकवली आणि रिमोट काकांच्या हातात दिला. त्यानंतर काकांकडून टीव्ही एकदाही लागला नव्हता.

सोमवारी मावशीची दहा आठवड्यांची रजा संपत होती. ती चष्म्याच्या दुकानात परत रुजू झाली की काका दहा ते सहा घरी एकटे राहणार. एवढं मोठं बटणही दाबता येत नसेल तर दिवसभरासाठी माणूस ठेवायचा, असं तिने ठरवलं होतं. एजन्सीला संध्याकाळी पाचपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. काकांनी विरोध केला नाही, हेच तिला खुपत होतं. पंखा एकवर ठेवायचा की दोनवर यावर अर्धा तास वाद घालणारा माणूस या वेळी फक्त ‘तुला वाटेल ते कर’ म्हणाला होता.

हे सगळं तिने स्वयंपाकघरात, नळ सुरू ठेवून, हळू आवाजात सांगितलं. ‘हात फारच गेलाय गं यांचा,’ असं म्हणून तिने डोळे पुसले आणि कांदा चिरत नसतानाही कांद्याला दोष दिला.

मी विचारलं, ‘तू दाबून पाहिलास का नवा रिमोट?’

तिने नळ बंद केला. ‘मी कशाला दाबू? त्यांच्यासाठी आणलाय. यांचं यांना जमू दे म्हटलं. मी हात लावला असता तर यांना वाटलं असतं, हिचा माझ्यावर विश्वासच नाही.’

म्हणजे मंगळवारपासून त्या रिमोटला काकांशिवाय कुणाचा हातच लागला नव्हता.

बाहेर काका खुर्चीत बसले होते. मी रिमोट मागितला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी, एखाद्याची वस्तू परत करावी तसा माझ्या हातात दिला. मी टीव्हीपासून एका पावलावर उभी राहिले आणि चालू-बंदचं बटण नीट मधोमध दाबलं. काही झालं नाही. दहा वेळा दाबलं. मग उरलेली पाच बटणं. काहीच नाही.

काकांचं माझ्या हाताकडे लक्ष होतं. ते म्हणाले, ‘म्हणजे तुझाही हात गेला का?’

मावशी दारात उभी होती. तिला आधी हसू फुटलं आणि मग ती वेताच्या मोड्यावर बसलीच. काका पाठ टेकून बसले. मी आल्यापासून ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मग त्यांनी सांगितलं की मावशी अंघोळीला गेली की ते सराव करत. रोज पन्नास वेळा, मोजून. शुक्रवारी त्यांनी मोजणं सोडून दिलं होतं.

हात निर्दोष ठरला होता, पण टीव्ही अजून बंदच होता आणि साडेबारा वाजले होते. आधी मी सेल बदलले. फरक पडला नाही. मग मोबाइलचा कॅमेरा सुरू करून रिमोटचं तोंड त्याच्याकडे केलं. रिमोट ज्या उजेडातून इशारा पाठवतो तो डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला. जुन्या रिमोटचाही तसाच लुकलुकला आणि जुन्या रिमोटवर टीव्ही लगेच लागला; तो मी पुन्हा बंद केला. म्हणजे नवा रिमोट मुका नव्हता. तो काहीतरी बोलत होता, पण ते टीव्हीला कळत नव्हतं. मग त्याला शिकवलं कसं, हे पाहणं भाग होतं.

मावशीला मी मंगळवारी केलं तसंच पुन्हा करायला सांगितलं. तिने चष्मा लावला आणि माहितीपत्रक बाजूला सारून दोन्ही रिमोट तोंडाला तोंड लावून ठेवले. मग जुन्याचं बटण नख पांढरं होईपर्यंत दाबलं, ते दाबलेलंच ठेवलं आणि दुसऱ्या हाताने नव्याच्या पाठीवरची शिकण्याची बारीक कळ आणि पुढचं तेच बटण दाबलं. नव्याचा दिवा दोनदा लुकलुकला. ‘हे बघ, शिकला,’ ती म्हणाली.

‘आधीपासून दाबून का धरतेस?’

‘अगं, रबर झिजलंय त्याचं. या घरात तो रिमोट असाच दाबावा लागतो, लागेपर्यंत सोडायचा नाही.’

घोटाळा तिथेच होता. असे इशारे मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पडद्यावर पाहिले होते. बटण दाबल्याबरोबर रिमोट पूर्ण हुकूम एकदाच पाठवतो. बटण तसंच दाबून धरलं तर त्यानंतर नुसती ‘तेच, तेच, तेच’ अशी छोटी खूण जात राहते. मावशीने नव्या रिमोटचे कान उघडले तोवर हुकूम जाऊन चुकला होता. त्याने फक्त ‘तेच’ ऐकलं आणि सहाही बटणांवर तेवढंच पाठ केलं.

काकांनी हे दोनदा समजावून घेतलं. ‘म्हणजे मी चार दिवस टीव्हीला ‘तेच कर, तेच कर’ सांगत होतो, आणि काय ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.’

‘आपलं बोलणं लग्नापासून असंच आहे,’ मावशी म्हणाली. ‘टीव्हीला आज कळलं.’

मी नव्या रिमोटची शिकण्याची कळ आणि हवं ते बटण आधी दाबलं, दिवा लागू दिला आणि मग जुन्याचं बटण दाबून लगेच सोडलं. झिजलेल्या रबरामुळे काही बटणं त्याने दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात घेतली. सहा बटणांना अकरा मिनिटं लागली. त्यानंतर मी चालू-बंद दाबलं आणि टीव्ही लागला.

मावशीने लगेच एजन्सीचा नंबर काढला. काकांनी तिला थांबवलं. रिमोट नीट झाला हे सिद्ध झालंय, हाताचं अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. वीस वेळा दाबायचं, कुठलं बटण ते मी सांगायचं, आणि पहिलाच प्रयत्न धरायचा. ‘पंधराच्या खाली आलो तर माणूस ठेव. मी कुरकुर करणार नाही.’ मावशी म्हणाली की हे तिने आजवर बऱ्याचदा ऐकलंय. पण तिने फोन खाली ठेवला.

त्यांनी मला कपाटातून मोजपट्टी काढायला लावली. टीव्हीपर्यंतचं अंतर खुर्चीच्या पुढच्या पायापासून नाही, रिमोटच्या तोंडापासून धरायचं यावर ते अडून बसले. मग त्यांनी मनगट खुर्चीच्या हातावर टेकवलं, चार बोटं रिमोटखाली घट्ट रोवली आणि अंगठा बटणाच्या कडेवर ठेवून हळूच मधे लोटला. हात हलत होता, पण रिमोट त्याच्याबरोबरच हलत होता, त्यामुळे अंगठा बटणावरून सुटत नव्हता. ही पद्धत त्यांनी त्या चार दिवसांत, काहीच लागत नसताना, बसवली होती.

मी बटणांची नावं उलटसुलट घेत गेले. मावशी टीव्हीकडे पाहत नव्हती, खिडकीकडे तोंड करून बसली होती, पण बोटांवर मोजत होती.

अंतर तीन मीटर बारा सेंटिमीटर. प्रयत्न वीस. बरोबर एकोणीस.