हौसेराव मेस्त्रींचा कान

नवी मुंबईत पावण्याच्या कारखान्यांच्या गर्दीत हौसेराव मेस्त्रींच्या कानाचा मोठा दबदबा होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला टेकवायची, डोळे मिटायचे आणि आत काय बिघडलंय ते दोन मिनिटांत सांगून टाकायचं. साताऱ्याकडून आल्यापासून तीस वर्षं हा माणूस त्या एका कानावर जगला होता. उरणपर्यंतचे लोक बंद पडलेल्या गाड्या टेम्पोत घालून त्याच्याकडे आणायचे. अडचण एवढीच होती, की गेल्या दीड वर्षापासून त्या कानाला नीट ऐकू येत नव्हतं.

तसं अगदीच येत नव्हतं असं नाही. इंजिनाचा जाड आवाज यायचा, ट्रकचा हॉर्न यायचा. पण बारीक, किरकिरे आवाज कधी गुपचूप निघून गेले ते कळलंच नाही, आणि मेस्त्रींचं पोट तर नेमकं त्या बारीक आवाजांवर. शेजारी पत्रे कापायच्या मशीन तीस वर्षं ठणाणा करत होत्या, त्यांनी आपलं काम चोख केलं होतं.

हौसेरावांनी ही गोष्ट बायकोलाही सांगितली नव्हती. ज्याचं नाव कानामुळे झालं, त्यानं बहिरा झालो म्हणायचं तर मग शटर ओढून गावची एसटीच धरायची. हे नाव जाणार या नुसत्या विचारानं त्यांना जेवण जात नसे. मग त्यांनी एक युक्ती काढली. गिऱ्हाईक आलं की गंभीर चेहऱ्यानं म्हणायचं, "आवाज तोंडानं काढून दावा." गिऱ्हाईक बिचारं गाल फुगवून टरटर, खरखर करायचं, आणि मेस्त्री त्यावरून अंदाज बांधायचे. गंमत म्हणजे यानं दबदबा वाढलाच. मेस्त्री आता गाडीकडे न बघताच रोग ओळखतात, असं लोक एकमेकांना सांगू लागले. कंपन्यांतले मोठमोठे साहेब गॅरेजच्या दारात उभे राहून म्हशीसारखे हंबरायचे आणि समाधानानं परत जायचे.

असाच एक दिवस उरणकडचा हितेश आपली डर्ट बाइक घेऊन आला. वडिलांची, म्हणजे हिरामणची, शेती मोडली, तिथे भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, आणि त्या खोल्यांच्या पुण्याईवर ही बाइक दारात आली. बनवलेली होती चिखलातून उड्या मारायला, पण चाकाला चिखल लागला की हितेश तो रुमालानं पुसायचा.

"सेल्फ मारला की आवाज येतो, मेस्त्री."

"तोंडानं काढा."

हितेश मुळात लाजाळू. चार लोक बघतायत म्हटल्यावर त्यानं कसंबसं "टक टक" केलं. टकटक म्हणजे बॅटरी बसली, हे हौसेरावांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी बॅटरी चार्ज करून दिली. आठ दिवसांत हितेश परत हजर.

"बॅटरी नाय हाय, मेस्त्री. सेल्फ मारला की गाडी बोंबलते. तुमी स्वतः ऐका ना."

सगळ्यांच्या देखत नाही म्हणता येईना. त्यांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि डोळे मिटायच्या ऐवजी या वेळी उघडे ठेवले. हितेशनं बटण दाबलं. मेस्त्रींना नेहमीची धडधड तेवढी ऐकू आली. पण समोर जेवणाचा डबा घेऊन आलेल्या शालननं दोन्ही हातांनी कान दाबून घेतले होते, आणि चिंच चावल्यासारखं तोंड केलं होतं. आत धातूवर धातू घासतोय हे हौसेरावांनी बायकोच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"सेल्फच्या गिअरचे दात गेलेत," ते ठामपणे म्हणाले.

"मानलं बाबा," हितेश म्हणाला. शालननं कानांवरचे हात काढले आणि नवऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

कव्हर उघडल्यावर मात्र मेस्त्री खऱ्या अर्थानं मेस्त्री झाले. डोळे आणि बोटं अजून शाबूत होती. सेल्फच्या मोटरकडचा छोटा गिअर त्यांनी पुसून उजेडात धरला आणि एकेका दातावरून नख फिरवलं. दात मधोमध धड होते, फक्त पुढच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या खाल्ल्या गेल्या होत्या. वापरानं झिजलेला गिअर असा दिसत नाही. इंजिन चालू असताना पुन्हा सेल्फ मारला, की छोटा गिअर फिरत्या मोठ्या गिअरवर जाऊन आपटतो आणि त्याच्या कडा अशाच उडतात.

"चालू गाडीवर परत बटन कोण दाबतं?" त्यांनी विचारलं.

हितेशनं डोकं खाजवलं. "बाबा असतील. रोज सकाली देवपूजा झाली की गाडीला अगरबत्ती ओवाळतात आनि चालू करून बघतात. त्यांना ढोल वाजला तरी ऐकू येत नाय. गाडी सुरू झाली तरी दाबतच बसतात."

"आन् डॉक्टर?"

"येत नाय ना. बोलतात, मना काय झालंय?"

तेव्हा हौसेरावांना काय झालं कोणास ठाऊक, ते बोलतच सुटले. कान गेला तर त्यात लाजायचं काय, डोळ्याला चष्मा लावतो तसं कानाला मशीन लावायचं, असं अडून बसलं की घरच्यांचे हाल होतात, आणि वर गिअर खराब होतात ते वेगळंच. हितेश भारावला. शालन डब्याचं झाकण हातात धरून सगळं ऐकत होती.

"मग तुमीच जावा की त्यास्नी घेऊन," ती म्हणाली. "तुमचं ऐकतील ते."

हौसेराव पुरते अडकले. "जाईन की," ते म्हणाले. "सोबत म्हणून." शालननं मग हितेशचा फोन नंबर मागून घेतला.

रविवारी खांदेश्वरला कानाच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना पांढऱ्याधोप कपड्यातले हिरामण एकदम थांबले आणि हौसेरावांच्या खांद्यावर हात ठेवून ओरडून म्हणाले, "घाबरू नको, मेस्त्री. हितेश बोलला मना, तू एकटा यायला लाजतोस. मी हाय ना संगती."

हौसेरावांना कळायचं ते कळलं. शालननं हितेशचा फोन नंबर कशाला मागून घेतला होता, तेही कळलं. पण आता मागे फिरायची सोय नव्हती.

आत काउंटरच्या काचेमागे एक मुलगी बसली होती. हौसेरावांनी हिरामणकडे बोट केलं आणि त्याच क्षणी हिरामणनी हौसेरावांकडे. मुलगी हसली आणि तिनं काहीतरी विचारलं. तिचा आवाज बारीक होता. तिचे ओठ हलले, थांबले, ती उत्तराची वाट बघू लागली.

"काय म्हनते ती?" हिरामणनी विचारलं.

"हो, हो" हे दीड वर्षाच्या सवयीनं हौसेरावांच्या ओठांवर आलंच होतं. त्यावरच तर आतापर्यंत निभावलं होतं. पण म्हातारा कानामागे हात धरून त्यांच्याकडे बघत होता, पावण्याच्या त्या कानाला आपल्यापेक्षा तरी जास्त ऐकू येतं या भरवशावर. हौसेरावांना मनापासून लाज वाटली. ते वाकले आणि हिरामणच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "मलाबी ऐकू येत न्हाई."

"काय?" हिरामण म्हणाले.

बाकांवरची पाचपंचवीस माणसं बघत होती. हौसेरावांनी छातीत दम भरला, आणि तेच पुन्हा, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं सांगितलं.