बोलावणं न आलेली आळी

यशवंतराव निवडणुकीत पडले हे मला चावडीवर कळलं, आणि मी तिथेच पायरीवर बसलो. आजूबाजूला बापूसाहेबांची माणसं पेढे वाटत होती. एकाने माझ्याही हातावर पेढा ठेवला. तो मी धरून बसलो, खाल्ला नाही की टाकलाही नाही.

देवास दोन राजांत वाटलेलं, एका रस्त्याच्या अलीकडे आमची थोरली पाती, पलीकडे धाकटी. त्या वर्षी आमच्या पातीत नगरसमितीच्या काही जागा पहिल्यांदाच लोकांनी निवडायच्या होत्या. आमच्या आळीतून यशवंतराव मास्तर उभे होते. त्यांचं म्हणणं एकच होतं. समितीच्या खर्चाने गावातली एक सुईण इंदूरला बायकांच्या दवाखान्यात शिकायला पाठवायची. समोर बापूसाहेब ठेकेदार होते. त्यांना बाजाराच्या तोंडाशी दगडी कमान बांधायची होती. ते म्हणत, सुईणी गावात पुष्कळ आहेत, कमान एकही नाही.

माझी बायको सुभद्रा त्याच उन्हाळ्यात पहिल्या बाळंतपणात गेली होती. मुलगी झाली आणि सुभद्रा पहाट बघू शकली नाही. मुलगी जगली. माझी आई, माई, तिला शेळीच्या दुधावर वाढवत होती. तेव्हा यशवंतराव निवडून येणं मला किती हवं होतं, ते सांगायला नको.

मत द्यायचं म्हणजे चावडीवर येऊन कारकुनापुढे नाव सांगायचं. आमची आळी मोठी आणि सगळी यशवंतरावांची. मी कारकुनाला विचारलं, "आमच्या आळीने नाव कुणाचं सांगितलं?"

तो म्हणाला, "तुमच्या आळीतलं कोणी आलंच नाही, गोपाळराव. तुम्ही आलात, मास्तरांचा भाऊ आला. बस."

मी सरळ आळीत गेलो. पहिलं घर दत्तोपंतांचं. ते ओटीवर बसले होते. डोक्याला पगडी, खांद्यावर धुतलेलं उपरणं, पायांशी जोडा काढून ठेवलेला.

"पंत, तुम्ही गेला नाहीत?"

"कुठे?"

"मत द्यायला."

"बोलावणं कुठे आलं?" ते म्हणाले. "सकाळपासून असा बसलोय. ही म्हणाली, जेवून घ्या. म्हटलं, बोलावणं यायचं आणि माझ्या तोंडात घास असायचा."

"अहो, दवंडी पिटली होती."

"दवंडी हरवलेल्या म्हशीचीही पिटतात. दवंडी ऐकून पंगतीला गेलेला माणूस तुम्ही पाहिलाय का?"

पुढे तुकाराम शिंप्याचं दुकान. तो नवा कोट घालून मशीनपुढे बसला होता, काम न करता. त्याचंही तेच. "मी तर तयार होतो, भिया. अक्षत आली नाही. मला वाटलं, मास्तर शिंप्याला धरत नाहीत."

घरोघर हेच ऐकलं. कुणी वाट पाहत होतं, कुणी रुसलं होतं. एका घरात तर दोघा भावांचं भांडण झालं होतं, की मास्तरांनी आपल्याला मुद्दाम टाळलं की विसरले. बापूसाहेबांच्या माणसांनी दुसऱ्या आळ्यांतून कुंकवाच्या अक्षता आणि पानसुपारी घेऊन घरोघर बोलावणी केली होती. आमच्या बैठकीत तो विषय निघाला तेव्हा यशवंतराव म्हणाले होते, "आपल्या आळीत बोलावणं कशाला? घरच्यांना कुणी अक्षत देतं का?" सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

मी हे यशवंतरावांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पगडी घालून बसले होते?"

"हो."

"आणि उठले नाहीत?"

"नाही."

ते आत जाऊन निजले. त्यांच्या बायकोने ताट वाढलं ते तसंच परत गेलं. मला राग यायला हवा होता, तोही येईना. सुभद्रेच्या वेळी झालं होतं तसंच झालं. समोर जे घडलं ते दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं.

दोन दिवसांनी मी भवानीबाईंकडे गेलो. आळीच्या वळणावर त्यांची फुटाण्यांची भट्टी. त्या विधवा. घरात आंधळी सासू आणि दोन लहान मुली. दिवसभर भट्टी चालवायच्या आणि कुणाचं बोलावणं आलं की सुईणपण करायच्या. समिती पाठवणार होती ती यांनाच. सुभद्रेजवळही याच होत्या. त्या दिवसानंतर मी त्यांच्या दुकानासमोरून जात नव्हतो, मागच्या बोळातून फिरून जायचो.

"भवानीबाई, समिती आता तुम्हांला पाठवणार नाही."

"कळलं." त्या कढईतली वाळू हलवत राहिल्या.

"तरी जाल का?"

"भट्टी कोण पाहील? ही विझली की गिऱ्हाईक रस्ता ओलांडून धाकट्या पातीत जातं. एकदा गेलं की येत नाही. मग घरी खायचं काय?"

"मी पाहीन. सकाळी कचेरीच्या आधी आणि संध्याकाळी."

त्यांनी झारा थांबवला. "वाळू तापली हे कशावरून कळतं, गोपाळराव?"

"नाही माहीत."

"मग?"

"शिकवा."

त्यांनी चण्यांची मूठ वाळूत टाकली. चणे तडतडले. चाळणीने वाळू झाडून त्या म्हणाल्या, "माझ्यावर राग नाही तुमचा?"

"आहे."

"मग मला कशाला पाठवता?"

"आळीत पुढची बाई अडली तर तुम्हीच जाणार आहात."

पुढच्या घाण्याला त्यांनी झारा माझ्या हातात दिला.

आळीला मारुतीच्या देवळात बोलवायचं ठरलं. या खेपेला रीतसर. सुभद्रेला जाऊन वर्ष व्हायच्या आत मी अक्षता हातात घेतलेल्या माईला चालल्या नसत्या. म्हणून तबक तुकारामाने घेतलं आणि मी मागे चाललो. एक दार सोडलं नाही. दत्तोपंतांनी अक्षता कपाळाला लावल्या आणि म्हणाले, "आता कसं. पण निवडणूक तर होऊन गेली ना?"

देवळात सगळे आले. यशवंतराव एका खांबाला टेकून मागे बसले. मी सांगितलं, समितीने नाही पाठवलं तर आळीने पाठवावं. भट्टी चालू राहिली पाहिजे, एवढंच पाहायचं.

दत्तोपंत म्हणाले, "तो दवाखाना मिशनचा. बाटवतील हिला."

भवानीबाई बायकांत बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "पंत, तुमच्या सगळ्या लेकरांना पहिला हात माझा लागला. बाटली का ती?"

"ती बारशाआधीची गोष्ट," पंत म्हणाले, आणि बायका हसल्या. पंतांच्या बायकोने सर्वांदेखत सांगितलं की आमच्या घरी फुटाणे, लाह्या, भाजकी ज्वारी यापुढे याच भट्टीवरून येईल, दुसरीकडून आणली तर दारात टाकीन. मग बाकीच्यांनाही मागे राहता येईना. तेल्याने भवानीबाईंच्या सासूच्या देवापुढच्या दिव्याचं आणि फोडणीचं तेल कबूल केलं. तुकारामाने चोळ्या शिवून द्यायचं म्हटलं. मुली मास्तरीणबाईंकडे जेवणार असं ठरलं. शेवटी यशवंतराव उठले आणि म्हणाले, "इंदूरला मी पोचवतो. माझ्याकडे आता दुसरं काम नाही."

पहिल्या आठवड्यात मी निम्मे चणे जाळले. दूधवाला भेरू मूठभर तोंडात टाकून म्हणाला, "भिया, यो चणो है के कोयलो?" तरी त्याने पुडी नेली. तुकाराम म्हणे, दात पडलेल्यांची सोय नाही, बाकी ठीक आहे. कचेरीत मला भडभुंजे म्हणू लागले. मी ऐकून घेतलं. भट्टीपुढे बसलं की निदान हात रिकामे नसत. माई मुलीला घेऊन समोरच्या ओट्यावर बसायची. गिऱ्हाईक टिकलं.

दिवाळीला भवानीबाई चार दिवसांसाठी आल्या. घरी न जाता आधी भट्टीवर आल्या. माझ्या हातून झारा घेतला, वाळू पाहिली, परत दिला. मग बाजूच्या पोत्यावर बसल्या.

"एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन बसले तर धीर व्हायचा नाही."

मी चणे काढून घेतले.

"पोरामागून वार पडल्यावर रक्त थांबत नसलं तर पोटावर, बेंबीखाली, हाताने जोरात चोळायचं. आतली पिशवी दगडासारखी घट्ट होईपर्यंत. आणि पोर लगेच आईच्या छातीला लावायचं. त्यानेही आत आवळतं."

"एवढंच?"

"बहुतेक वेळा एवढंच. तिथे माझ्या डोळ्यांदेखत दोघी वाचल्या. आपण पोराला तीन दिवस आईचं दूध देत नाही. आणि त्या रात्री मी शेगडी पेटवून बसले होते, शेक द्यायला. उबेने थांबेल म्हणून. माझे दोन्ही हात मोकळे होते, गोपाळराव."

मला वाटलं होतं, काही औषध असेल, हत्यार असेल, आमच्या आवाक्याबाहेरचं काही. समोरच्या ओट्यावर माईच्या मांडीवर मुलगी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिलो.

भवानीबाई म्हणाल्या, "सांगायला नको होतं का?"

"मला सांगितलंत ते झालं," मी म्हणालो. "आता दत्तोपंतांच्या सुनेकडे जा. तिला आठवा महिना आहे. तिच्या सासूलाही हे सगळं सांगा. शेगडीचंही सांगा."

त्या पदराने तोंड पुसून उठल्या आणि पंतांच्या दाराकडे गेल्या.