सुक्या लाकडाचा आवाज

मित्रांनो, मी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या हुऑन खोऱ्यातली एक जुनी लोखंडी शेगडी आहे. आधीच सांगते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. मालकिणीजवळ इतकी वर्षं काढली, वाण नाही पण गुण लागला.

मालकीण मर्ल टॅटनेल. तिच्या नवऱ्याने मला सफरचंदाच्या पेट्या वाहायच्या ट्रकमधून घरी आणलं. लाकूडवाल्याची गाडी दारात आली की मर्ल आधी दोन लाकडं उचलून एकमेकांवर आपटायची. सुकं लाकूड टणकन वाजतं, ओलं धप्प करतं. धप्प आवाज आला की गाडी परत.

"मर्ल, मी काय लाकडाच्या भावात पाणी विकतो?" लाकूडवाला कुरकुरायचा.

"मग वाजवून दाखव ना."

तिच्या जिवावर मी वर्षानुवर्षं धूर न करता जळले. पाहुणे आधी माझ्यापाशी पाठ शेकायचे, मग चहा मागायचे.

पुढे नवरा गेला आणि मर्लचं कंबरेचं हाड मोडलं. लेक रोझलिन राहायला आली. तिने स्वस्तात मिळालं म्हणून न वाजवताच लाकूड घेतलं. घरभर धूर झाला, मर्लला खोकला लागला आणि दोष आला माझ्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी! फार लागलं मला ते.

रोझलिनने भिंतीवर हीट पंप बसवला. मी त्याच्याकडे संशयाने बघत होते. पण खरं तेच सांगते, तो एका युनिट विजेत बाहेरच्या हवेतून तिप्पट ऊब ओढून आणतो. विकतच्या लाकडापेक्षा तो स्वस्तही पडला. मर्लने एवढंच विचारलं, "आणि वीज गेली तर?" आमच्याकडे वारा सुटला की झाडं तारांवर पडतात. त्यात डॉक्टरांनी बजावलं होतं, मर्लची छाती आता गारठा सोसणार नाही.

यावर शेजारच्या क्लाइव्हकडे उत्तर तयार होतं. त्याने भुशाच्या गोळ्यांवर चालणारी नवी शेगडी घेतली होती. "लाकडावरच चालते गं. नुसतं बटण दाबायचं," तो म्हणाला. लाकूड खाणारीला बटण कशाला? इथे कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं. पण मला विचारतो कोण? तसलीच शेगडी घ्यायची ठरली. सोमवारी माणूस येऊन मला उपटणार होता. उरलेलं लाकूडही रोझलिनने गावाच्या सभागृहाला देऊन टाकलं.

शनिवारी वादळ आलं. तारा तुटल्या, हीट पंप मुका झाला. दुपारपर्यंत मर्लचे ओठ निळे पडले. रोझलिन तिचे हात चोळत होती आणि मी रिकाम्या पोटी बघत होते. असली लाचारी मी कधी सोसली नव्हती. तेवढ्यात क्लाइव्ह पांघरूण लपेटून दारात आला.

"तुझ्याकडे ऊब असेल म्हणून आलो," तो खाली मान घालून म्हणाला. "गोळ्या आत ढकलायला मोटर लागते. ती विजेवर चालते."

रोझलिन रडकुंडीला आली. मर्ल हळूच म्हणाली, "कपडे धुवायच्या खोलीत जा. टोपल्यांच्या मागे बघ."

तिथे सफरचंदाच्या लाकडांची गुडघ्याएवढी रास होती.

"आई, सगळं देऊन टाकलं होतं ना?"

"तू दिलंस. त्याआधीच मी काठी टेकत रोज दोन-दोन लाकडं तिथे नेऊन ठेवली. माझा त्या बटणावर विश्वास नव्हता."

रोझलिनने दोन लाकडं उचलली आणि एकमेकांवर आपटली. टण! मग मला घास मिळाला. थोड्या वेळाने मर्लने चहा मागितला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

सोमवारी तो माणूस आला. मर्लने त्याच्याकडून माझं धुराडं साफ करून घेतलं.

मित्रांनो, रोजच्या थंडीला हीट पंप खुशाल लावा, माझी तक्रार नाही. पण माझ्यासारखी कुणी घरात असेल तर तिला हाकलू नका. तिचं धुराडं झाडा, तिला सुकं लाकूड द्या. आणि कुणी ऊब विकायला आला तर त्या उबेला वायर आहे का, ते आधी बघा.

आता लाकूडवाला आला की रोझलिन बाहेर जाते. मी आतून कान देऊन ऐकते. तिच्यावर अजून माझा पुरता विश्वास बसलेला नाही.